चोवीस व्होल्ट कुठे गेले

इस्पितळात तिला सगळे शीताई म्हणायचे. नवीन आलेल्या नर्सना वाटायचं, शीला किंवा शीतल असं काहीतरी नाव असेल, त्याचं हे लाडकं रूप. तसं काही नव्हतं. तुंबलेली मोरी दिसो, कोपऱ्यात टाकलेला कापसाचा बोळा दिसो, नाहीतर चहाच्या कपावर कुणाच्या बोटांचा ठसा दिसो, तिच्या तोंडून आधी "शी!" बाहेर पडायचं आणि मग बाकीचं बोलणं.

असं नाक घेऊन ही बाई बावीस वर्षं इस्पितळात वायरमनचं काम करत होती. वर्कशॉपमध्ये तिचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठी ती साबणाने धुवायची. वॉर्डातला बल्ब बदलायचा तर श्वास रोखून शिडी चढायची, होल्डरला हात घालायची आणि बल्ब लागला की खाली येऊन मगच श्वास सोडायची. तिचा नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "हिच्याशी लग्न होईपर्यंत मला वाटायचं, मी स्वच्छ माणूस आहे."

पण घाणीपेक्षाही तिला जास्त किळस यायची ती वाईट कामाची. स्विचबोर्डाचा स्क्रू हरवला म्हणून कुणी तिथे काडेपेटीची काडी खुपसली, की ती काडी चिमटीत धरून तिने सगळ्या वर्कशॉपभर फिरवलीच म्हणून समजा. "उघडं गटार परवडलं," ती म्हणायची, "नाक तरी दाबता येतं. झाकलेलं गटार नको."

हे तिने घेतलं होतं मास्तरांकडून. मास्तर म्हणजे वीज विभागाचे फोरमन. बाई शिडीवर चढणार म्हटल्यावर सगळे फिदीफिदी हसत होते, तेव्हा एकट्या मास्तरांनी तिला हाताखाली घेतलं. तार चकचकीत होईपर्यंत खरवडायची, सात पिळे द्यायचे, वर पट्टी गुंडाळायची आणि पट्टीचं शेवटचं टोक कोपऱ्यात दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढे कुणाला जोड उघडायचा असेल तर नखं झिजवावी लागू नयेत. हे सगळं त्यांनी तिला हाताला धरून शिकवलं होतं. वहीत चार रकाने आखायलाही त्यांनीच लावलं. "व्होल्ट मोज, अँपिअर मोज. भागलेस की रोध, गुणलेस की वॉट. दोन मोजायचे, दोन काढायचे. चारही आकडे एकमेकांशी जुळले तर मशीन खरं बोलतंय. नाही जुळले तर कुणीतरी खोटं बोलतंय." मास्तरांची नखं कायम स्वच्छ असायची, अंगाला चंदनी साबणाचा वास यायचा. सख्ख्या मोठ्या भावाला मिळाला नसता असा मान ती त्यांना द्यायची.

आणि ज्याच्या वाऱ्यालाही ती उभी राहत नसे, असा माणूस म्हणजे तळघरातला मामा. मृतदेह ठेवायच्या थंड कपाटांवर तो कामाला होता. कधीकाळी पांढरा असलेला कोट, पिवळी बोटं, विडीचा वास. रिकाम्या स्ट्रेचरवर बसून तो डबा खायचा आणि हात पँटला पुसायचा. शीताई तिकडे गेली की पेरूची फोड पुढे करायचा, "घ्या ताई." ती मान फिरवायची. तळघरातलं काम ती पायाला चटके बसत असल्यासारखी उरकायची.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. एका निवृत्त शिक्षिकेचा मृतदेह कपाटात ठेवला होता. म्हातारीची एकुलती एक मुलगी परदेशातून यायची होती, विमानं चुकत गेली, चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी मामाने खण ओढला आणि जो वास सुटला, तो जिन्यावरून चढत पहिल्या मजल्यापर्यंत गेला. शीताई तेव्हा पहिल्या मजल्यावर पंखा उघडून बसली होती. पंखा तसाच टाकून ती गच्चीवर पळाली.

तळघरात काय झालं, ते तिला नंतर कळलं. मुलीने एकदाच आत पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ही माझी आई नाही. माझी आई दाखवा." मामाने पायाच्या अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी पुढे केली. मुलीने चिठ्ठी वाचली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी अधीक्षक नाकाला रुमाल लावून तळघरात उतरले. मास्तर मीटर घेऊन हजर होते. त्यांनी सगळ्यांसमोर कपाटाच्या मागच्या सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घातल्या. मीटरवर आकडा आला, दोनशे तीस.

"वीज पुरेपूर आहे साहेब," मास्तर म्हणाले. "मशीनला काही धाड भरलेली नाही. दार उघडं टाकून कुणी विड्या ओढत बसलं, तर कपाट गार कसं होणार?"

मामाला त्याच संध्याकाळी कामावरून बंद केलं. चौकशी होईपर्यंत इस्पितळात पाऊल टाकायचं नाही, असा कागद त्याच्या हातात ठेवला. शीताईला जराही आश्चर्य वाटलं नाही. कँटीनमध्ये ती सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या माणसाच्या अंगालाच इतका वास येतो, त्याला दुसरा कुठला वास येणार?" सगळे हसले. तिलाही बरं वाटलं.

तीन दिवसांनी, बंदी असूनही, मामा मागच्या फाटकाने वर्कशॉपच्या दाराशी आला. आत आला नाही. ती आत बोलावणार नाही हे त्याला माहीत होतं.

"ताई, एक विचारायचं होतं."

"मास्तर जेवायला गेलेत."

"तुम्हालाच विचारायचं होतं. ती मशीन महिनाभर मधूनमधून नुसती घुमते. हंऽऽऽ करते आणि खटकन गप्प बसते. थोड्या वेळाने परत तसंच. मी तीनदा मास्तरांना लिहून दिलं. दार मी उघडं टाकत नाही, ताई. माझा थोरला भाऊ त्याच कपाटात दोन दिवस होता. मी दार उघडं टाकीन?"

"मास्तरांनी मोजलंय. दोनशे तीस आहेत."

"असतील," मामा म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय? मला नुसता आवाज कळतो." आणि निघून गेला.

त्याचा भाऊ त्या कपाटात होता, हे तिला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत तिने त्याला साधं घरी कोण असतं हेसुद्धा विचारलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात खरं तर दुसरंच काही अडकलं होतं. मशीनला पूर्ण वीज मिळत असेल तर ते घुमून गप्प का बसेल? आणि तीनदा लिहून दिलेले कागद कुठे गेले? मास्तर तर काडेपेटीची काडीसुद्धा नोंदवहीत लिहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातली ट्यूब बदलायचं निमित्त करून ती खाली गेली. तोंडाला दुहेरी रुमाल, हातात दुहेरी मोजे. कपाटं रिकामी होती, धुतली होती, तरी वास भिंतीत मुरला होता. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर घुमला. हंऽऽऽ. पाच-सहा सेकंद. मग खटकन बंद. साडेतीन मिनिटांनी पुन्हा तेच.

मशीन गप्प असताना तिने मीटर लावला. दोनशे तीस. मास्तर खोटं बोलले नव्हते. मीटर तसाच लावून ती वाट पाहत बसली. कॉम्प्रेसर घुमला आणि आकडा धाडकन एकशेचाळीसच्या आसपास कोसळला. वरची ट्यूब फडफडली. खटकन आवाज झाला, पुन्हा दोनशे तीस.

तिने रुमाल खाली ओढला. वास आला, पण तिचं लक्ष नव्हतं.

तारेतून काही वाहतच नसेल तर व्होल्ट पडतीलच कशाला? नळाची तोटी बंद ठेवून नळाला पाणी किती आहे हे सांगण्यासारखंच ते. तोटी सोडली की कळतं. मास्तरांनी सगळ्यांसमोर बंद तोटीचं माप दाखवलं होतं, आणि त्यांच्याएवढ्या जाणत्या माणसाला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं.

तरीही तिने मनाची समजूत काढून पाहिली. कॉम्प्रेसरच बिघडला असेल, तोच वीज खात असेल. मोटर सुरू होताना कशीही वागते, तिच्यावरून हिशेब मांडायचा नाही, हेही मास्तरांचंच शिकवणं. म्हणून ती वर गेली आणि स्टोअरमधून पाणी तापवायचा मोठा हीटर आणला. हीटरला लहर नसते, लावला की सरळ ओढत राहतो. पिंपभर पाण्यात तो सोडून तिने कपाटाच्या जागी त्याच सॉकेटला जोडला, तारेला चिमट्याचा मीटर अडकवला आणि वही उघडली.

अँपिअर आले आठ. व्होल्ट आले दोनशे सहा.

ती जिना चढून वरच्या पॅनेलपाशी गेली, जिथून ही लाइन निघते. तिथे मोजलं, दोनशे तीस. परत खाली आली, पुन्हा मोजलं. दोनशे सहा. धापा टाकत तिने एकाखाली एक आकडे लिहिले. वरून दोनशे तीस निघाले, खाली दोनशे सहा पोचले. मधले चोवीस व्होल्ट कुठे गेले?

चोवीसला आठने भागलं. तीन ओहम. चाळीस मीटर जाड तांब्याची वायर, जाऊन-येऊन ऐंशी मीटर, तिचा रोध असायला हवा होता अर्धा ओहम, फार तर थोडा जास्त. म्हणजे चार व्होल्ट पडले असते, कुणाला कळलंही नसतं. इथे रोध सहापट होता. मग तिने चोवीसला आठने गुणलं. एकशे ब्याण्णव वॉट. साठ वॉटचे तीन बल्ब या छतात कुठेतरी जळत होते, आणि उजेड कुठेच पडत नव्हता.

उजेड नसला तरी उष्णता असणारच. हीटर तासभर तसाच चालू ठेवून तिने शिडी आणली. तळघराच्या बोळात खोटं छत होतं, पांढऱ्या चौकोनी फळ्यांचं. एका हाताचा मोजा काढून ती एकेका फळीला तळहाताची मागची बाजू लावत गेली. पहिली गार, दुसरी गार. आठवी फळी कोमट लागली. तापातल्या माणसाच्या कपाळासारखी.

तिने फळी उचलली आणि तिच्या मनगटावरून काहीतरी सरसरत गेलं.

झुरळं होती. शेकड्यांनी होती. ऊब शोधत आलेली, एकावर एक चढलेली, मधे वायरचं एक भेंडोळं आणि त्याच्यावर तपकिरी, हलणारा थर. उजेड पडताच थर फुटला आणि चारी बाजूंना पांगला. काही खाली तिच्या केसांत पडली. ती शिडीवर घट्ट डोळे मिटून उभी राहिली. ओरडायला तोंड उघडायची सोय नव्हती. हात झटकले, मान झटकली आणि डोळे उघडून तिने पुन्हा आत पाहिलं, कारण वायर पाहिल्याशिवाय खाली उतरायचं नव्हतं.

पॅनेलकडून जाड वायर येत होती, पिवळ्या रेघेची, उत्तम. पण छतात शिरल्यावर हातभर अंतरावर ती संपत होती. तिथून पुढे जोडली होती घंटेची वायर. पेशंटने बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते, त्याला वापरतात ती, काडीएवढी बारीक. तीस मीटर तीच गेली होती, आणि जास्त झालेली गुंडाळून या फळीवर टाकली होती. आवरण भाजून तपकिरी पडलं होतं. पलीकडे, जिथे लाइन छतातून बाहेर दिसू लागते, तिथे पुन्हा जाड वायर. म्हणजे दोन्ही टोकांना, जिथे माणसाची नजर जाईल तिथे, पिवळ्या रेघेची वायर, आणि मधे पोटात ही फसवणूक.

जोडावर वॉर्डातली औषधाची चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टीचं शेवटचं टोक कोपऱ्यात दुमडलेलं होतं.

वरच्या पॅनेलवर लाइन बंद करून ती पुन्हा शिडी चढली आणि ते टोक धरून ओढलं. पट्टी अलगद सुटली. आत तांबं, खरवडून चकचकीत केलेलं. तिने पिळे मोजले. सात.

ती खाली उतरली, बादली गाठली आणि पोट रिकामं होईपर्यंत ओकली. झुरळांमुळे म्हणावं तर झुरळं अर्ध्या तासापूर्वीच पळून गेली होती. तिला आठवत होतं ते मास्तरांचं नवं घर. तीन वर्षांपूर्वी, तळघरातली ही लाइन टाकली त्याच महिन्यात, मास्तरांनी तिला घराचं वायरिंग बघायला बोलावलं होतं. झाकणं अजून लावलेली नव्हती. बोर्डाबोर्डांतून पिवळ्या रेघेची जाड वायर डोकावत होती, आणि ती कौतुकाने म्हणाली होती, "मास्तर, वायर असावी तर अशी!"

वायरचं भेंडोळं कापून घेऊन ती वर आली तेव्हा मास्तर वर्कशॉपच्या बेसिनपाशी हात धूत होते.

"मास्तर, तळघराची लाइन कुणी ओढली?"

त्यांनी तिच्या केसांकडे पाहिलं, हातातल्या भेंडोळ्याकडे पाहिलं. नळ बंद केला. टॉवेलने एकेक बोट पुसलं.

"बस. पाणी पी आधी."

"मला पाणी नको."

"हिवाळ्यात मशीन कसंबसं उचलायचं," ते म्हणाले. आवाज अगदी शांत, शिकवतानाचा. "यंदा उन्हाळाच असा पडला. आणखी दोन महिने निघाले असते तर मी निवृत्त झालो असतो, नव्या माणसाने नवी लाइन टाकली असती. कुणाला काही कळलं नसतं."

"मामाने तीनदा लिहून दिलं होतं."

"त्याला मिळेल कुठेतरी दुसरं काम."

"मास्तर, ती बाई सडली!"

"ती मेलेली होती," मास्तर म्हणाले. "मेलेल्या माणसाला गार काय नि गरम काय? ऑपरेशनच्या खोलीच्या लाइनीत मी कधी हात मारला? लहान बाळांच्या खोलीत मारला? जा, मोजून ये. जिवंत माणसाशी मी आयुष्यात खोटं वागलो नाही."

मास्तर जवळ आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला मी शिकवलंय, पोरी. एवढं लक्षात ठेव."

"म्हणून तर सापडलं," ती म्हणाली आणि खांदा काढून घेतला.

घरी जाऊन तिने तीनदा डोकं धुतलं. न्हाणीत चंदनी साबणाची वडी होती, ती खिडकीतून बाहेर फेकली. नवऱ्याने विचारलं, "साबणाने काय केलं?" तिने सगळं सांगितलं. कापडावर खडूने रेघ मारता मारता तो म्हणाला, "उद्या साहेबांकडे जाशील तेव्हा वही ने. नुसती जीभ नेऊ नकोस."

तिने वही नेली आणि ते भेंडोळंही नेलं. अधीक्षकांच्या खोलीत गुलाबाच्या अत्तराचा फवारा मारलेला होता. तिने भेंडोळं थेट त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवलं. भाजलेल्या आवरणाला झुरळांची अंडी चिकटलेली होती.

"शी!" अधीक्षक खुर्चीसकट मागे सरकले. "उचला ते!"

"साहेब, हे तुमच्याच छतात होतं. मी फक्त खाली आणलंय. आता फोन काढा आणि चोवीसला आठने भागा."

त्यांनी खरंच भागलं. तीन आले. तिने सांगितलं, हा अर्धा हवा होता. मग गुणायला लावलं. एकशे ब्याण्णव. तिने समजावलं, ही वीज कपाटाला मिळायची ती झुरळांना मिळाली. अधीक्षक फोनच्या पडद्याकडे बघत राहिले. माणूस मूर्ख नव्हता, त्याला सगळं समजलं. आणि समजल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

नवी वायर मात्र दोन दिवसांत पडली. शीताईने ती स्वतः ओढली, अखंड, मधे एकही जोड नाही. तोच हीटर लावून मोजलं. आठ अँपिअरला चार व्होल्ट पडले. अर्धा ओहम, बत्तीस वॉट. कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात उचलला आणि घरघरत चालू लागला. मामालाही परत घेतलं. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, "तांत्रिक कारण." कुणाचं नाव नाही, की झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही.

तो आला त्या दिवशी ती तळघरात गेली. "मामा, मी कँटीनमध्ये तुमच्याबद्दल वाईट बोलले होते."

"कळलं होतं मला."

"चुकलं माझं."

मामाने थर्मासमधून कपात चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. तिने कप घेतला. कडेला पिवळा डाग होता. तिने ओठांपर्यंत नेला, पण घोट घेववेना.

"राहू द्या ताई," मामा हसून म्हणाला. "माफी मागितली म्हणून नाक थोडंच बदलतं?"

प्रकरण तिथे मिटलं असतं. पण आठवड्याने ऑफिसातल्या कारकुनाने तिच्यापुढे एक पत्र सहीसाठी ठेवलं. म्हातारीच्या मुलीला पाठवायचं उत्तर होतं. असाधारण उष्म्यामुळे यंत्रणेवर ताण आला, नेमकं कारण निश्चित करता येत नाही, वीज विभागाने तपासणी केली असून पुरवठा योग्य आढळला. तपासणी करणारी म्हणून सहीची जागा तिच्यासाठी ठेवली होती.

पत्र सुरेख छापलं होतं. शब्द न् शब्द धुतलेला, इस्त्री केलेला. तिला छतातली ती फळी उचलल्यासारखं झालं. तिने पेन घेतलं, सही केली नाही, कागदावर चार आकडे लिहिले आणि परत दिलं. कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, तुम्ही खराब केलात कागद." संध्याकाळी दुसरा कागद छापून मास्तरांच्या सहीने गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती म्हातारीच्या घरी गेली. तो पत्ता मामाच्या वहीत होता. मुलगी खोक्यांमध्ये पुस्तकं भरत होती. ते पत्र खिडकीत पडलेलं होतं. शीताईने आपण कोण हे सांगितलं, आपली वही उघडून समोर ठेवली आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. बंद तोटी, चोवीस व्होल्ट, घंटेची वायर. मास्तर आपले गुरू आहेत, हेही लपवलं नाही.

मुलगी पुस्तकं बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "पहिले काही दिवस तरी तिला गार होतं का?"

मामा रोज कपाटाचं तापमान लिहून ठेवायचा. ते शीताईने पाहिलं होतं. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. "पहिला दिवस होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नंतर नाही."

मुलीने मान हलवली आणि एक कोरा कागद ओढून घेतला. "आकडे पुन्हा सांगा. सावकाश."

तक्रार वरपर्यंत गेली आणि बाहेरच्या माणसांची चौकशी बसली. मास्तर निवृत्त झाले, पण त्यांचे पेन्शनचे कागद अडकले. वर्कशॉपमधले लोक शीताईशी कामापुरतंच बोलू लागले. कुणीतरी खिळ्यावरचा तिचा कप रोज तेलकट बोटांनी बरबटून ठेवायचं. ती धुवायची.

चौकशीत मास्तर कानांवर हात ठेवून बसले. ती लाइन कुणी ओढली आपल्याला माहीत नाही, बाहेरचे मजूर होते, एवढंच त्यांचं म्हणणं. मग तपासणाऱ्या इंजिनिअरने वायरच्या दुसऱ्या टोकाच्या जोडाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा जोड कुणा अडाणी माणसाने मारलेला दिसतो. असल्या ढिसाळ जोडामुळेच हे झालं."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "ढिसाळ? तो जोड ढिसाळ आहे? बघा नीट उघडून! पूर्ण खरवडलेली तार आहे, नेमके सात पिळे आहेत. दोष वायरचा आहे, जोडाचा नाही!"

त्या जोडावरची पट्टी अजून कुणी सोडलेली नव्हती. इंजिनिअरने फक्त चष्मा काढला. शीताई भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली होती. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तोंडात आंबट पाणी आलं, तेवढंच.

मास्तरांची शिक्षा ठरली, फोरमनची जागा तिला मिळाली. पहिल्याच आठवड्यात तिने इस्पितळातली प्रत्येक लाइन मोजायला घेतली. हीटर ढकलगाडीवर घालून मजल्यामजल्यावर नेला. बाळांची खोली, ऑपरेशनची खोली, क्ष-किरणांची खोली, स्वयंपाकघर, लिफ्ट. वरती मोजायचं, खालती मोजायचं, भागायचं, गुणायचं. हे सगळं चार आठवडे चाललं होतं. कुठेतरी आणखी एक बारीक वायर सापडेल, माणूस लोभी होता, सगळीकडेच हात मारत होता, एवढं एकदा सिद्ध झालं की त्याला मनातून काढून टाकणं सोपं जाईल, असं तिला वाटत होतं.

एकूण चाळीस लाइनी निघाल्या. चाळीसही चोख होत्या. अर्धा ओहम, पाव ओहम, कुठे त्याहूनही कमी. छतांमध्ये पिवळ्या रेघेची जाड वायर, सरळ, एका ओळीत बांधलेली, इतकी देखणी की बघत राहावं. ज्यांना बोलता येतं, निदान रडता येतं, त्यांच्या खोल्यांत मास्तरांनी सोन्यासारखं काम केलं होतं. आणि जिथे कुणी तोंड उघडणार नाही अशी एकच जागा होती, ती त्यांनी नेमकी निवडली होती.

शेवटच्या शिडीवरून उतरून शीताईने वही मिटली आणि हात धुवायला गेली. कितीतरी वेळ धूत राहिली.